बारशाला बोलावलेली

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. अ‍ॅनेस्थेशियाची डॉक्टर आहे मी. माणसं झोपवते, काम झालं की उठवते... मधल्या वेळात आत्मा वगैरे कुठे फिरायला जाताना मला तरी कधी दिसलेला नाही. या सदरातले अनुभव मी वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून, आणि निम्म्या वेळा ‘काहीतरीच!’ म्हणून फोन उपडा ठेवते. तुम्हीही तसंच म्हणालात तर मला राग येणार नाही. पण हे माझ्या लेकीचं आहे, आणि एकटीनं मनात ठेवून आता जड झालंय.

आम्ही आयर्लंडमध्ये नावनला राहतो. डब्लिनपासून तासाभरावरचं गाव. एका इस्टेटमधलं, शेजारच्या घराला खांदा लावून उभं असलेलं दुमजली घर, मागे चिखल झालेली हिरवळ. रेवा झाली डिसेंबर २०२० मध्ये, सिझेरियन. जानेवारीत इथे पुन्हा कडक लॉकडाऊन लागला. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणी कुणाकडे यायचं नाही. माझी आई व्हिसा हातात घेऊन पुण्यात बसलेली. सकाळी नऊला उजाडायचं आणि चारला परत अंधारायचं, आणि मधला उजेडही असा की दिवे लावूनच बसावं.

घरात आम्ही चौघं. मी, निखिल, रेवा आणि निखिलची धाकटी बहीण कस्तुरी. कस्तुरी डब्लिनला पीएचडी करते. तिच्या भाड्याच्या घरातल्या बाकीच्या मुली आपापल्या गावी निघून गेल्या, मग म्हटलं एकटी कशाला राहतेस, ये इकडेच. तिचा विषय काय, तर जुने ग्रीक, रोमन, इजिप्तचे लोक आपल्या देवांना कोणकोणत्या नावांनी हाका मारायचे. माझे सासरे तिला चिडवायचे, “नावंच घ्यायची होती तर घरी जपमाळ होती की गं!” माझं आणि तिचं तसं बरं जमायचं. तशी जराशी डोक्यातही जायची, कारण साधी पोळी करतानाही तिला कुठली तरी धान्याची देवी आठवायची.

बारसं आम्हीच केलं. ट्रॅव्हल कॉटला माझी पैठणी गुंडाळली, सुपरमार्केटमधली शेवंती लावली. बाळ पाळण्याखालून द्यायला-घ्यायला बायका लागतात, आम्ही दोघीच. मग मीच दिलं, कस्तुरीनं घेतलं, परत तिनं दिलं. लॅपटॉपवर पुण्याहून बाबा, म्हणजे माझे सासरे, आणि नाशिकहून काका.

“आधी कुलदैवताचं नाव सांग कानात, मग तिचं,” बाबा म्हणाले. “आपली तुळजाभवानी.”

“दादा, काहीतरी काय! आपलं कोल्हापूर,” काका म्हणाले.

“अरे, लग्नानंतर आई आम्हाला तुळजापूरलाच घेऊन गेली होती ना!”

“ते आईच्या माहेरचं!”

झालं. बाराव्या की तेराव्या पिढीपर्यंत पोचले दोघं. रेवा रडायला लागली, माझे टाके ओढत होते, आणि तेवढ्यात काकांचा चेहरा तोंड उघडं ठेवून स्क्रीनवर गोठला. निखिल म्हणाला, “कस्तुरी, तू आत्या आहेस, घे काहीतरी आणि उरक.”

कस्तुरी हसली. म्हणाली, “माझ्या लोकांकडे यावर तोड आहे. चुकीचं नाव घेतलं तर देव रागावेल म्हणून ते सगळी नावं घेऊन झाली की शेवटी एक वाक्य जोडायचे. विम्यासारखं.” आणि ती वाकली, रेवाच्या कानाशी तोंड नेलं आणि आम्हाला ऐकू येईल असं मराठीतच म्हणाली, “जो कोणी देव असशील, जी कोणी देवी असशील, ज्या नावानं हाक मारलेली तुला आवडते त्या नावानं... ये, आणि हिला सांभाळ.” मग “कुर्रर्र... रेवा!” मी रीतीप्रमाणे कस्तुरीच्या पाठीत धपाटे घातले. कॉल परत लागल्यावर बाबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी डोळे पुसले.

मलाही आवडलं होतं. ते इथे लिहून ठेवते.

त्यानंतर आठवडाभरात रेवा शांत झाली. आधी भुकेनं घर डोक्यावर घ्यायची. आता रडेना. झोपून उठायची, हात हलवत पडून राहायची, समाधानी. फोनवर सगळे म्हणायचे, “गुणाची गं बाई!” मीही जरा सुखावले, खोटं कशाला बोलू. पण ती दूधही पिईना. छातीशी धरली की दोन घोट घेतल्यासारखं करायची आणि तोंड फिरवायची... जेवून आलेला पाहुणा ताटावर बसवला तर करतो ना, तसं. माझं दूध साठून छातीचे दगड झाले, ताप आला. बाटलीतून दिलं तरी तेच. आणि हडकत चालली. मांडीवरची कातडी सैल झाली, चेहरा लहानशा म्हातारीसारखा दिसायला लागला.

मी डॉक्टर आहे, म्हणून सगळं केलं. पीडियाट्रिशियननं रक्त, लघवी, हृदय, टाळू, जीभ सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. आठवडाभर बघू, वजन वाढलं नाही तर अ‍ॅडमिट करून नाकातून नळी घालू, असं ठरलं. कोविडच्या त्या दिवसांत, एवढीशी पोर वॉर्डात. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असेल का माझं, हेही मी स्वतःला विचारलं. पण वजनकाट्याला डिप्रेशन येत नाही.

मग पब्लिक हेल्थ नर्स आली. इथे त्या घरी येऊन बाळ बघतात. ब्रीजा नावाची, पन्नाशीची, बडबडी बाई. मास्क, एप्रन सगळं घालून तिनं रेवाला काट्यावर ठेवलं आणि आकडा दोनदा बघितला. मग पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पण आत्ताच दूध झालंय ना हिचं? पोट कसं तट्ट आहे बघ!”

मी सकाळपासून रेवाला थेंब पाजू शकले नव्हते.

आणि तेव्हा मी बघितलं. रेवाच्या ओठाच्या कोपऱ्यात दूध होतं. घट्ट, पिवळसर. मी बोटानं पुसून वास घेतला. माझ्या दुधाचा वास मला माहीत आहे, चोवीस तास मी त्याच वासात होते. हा वेगळा होता. गोडसर, उन्हात तापलेल्या गवतासारखा. माझ्यातली डॉक्टर म्हणत होती, बाटलीत ठेव, तपासायला पाठव. मी ते गाऊनला पुसून टाकलं. आजही कळत नाही का.

ब्रीजा गेली आणि मी सरळ कस्तुरीवर धावून गेले. दुसरं कोण असणार? निखिल वरच्या खोलीत दिवसभर कॉलवर.

“माझ्या लेकीला तू काय पाजतेस?”

“वहिनी?”

“खरं सांग! मी झोपले की काय देतेस तिला? गाईचं? कसली पावडर?”

“वहिनी, वेडी झालीस का तू?” तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मी... मी असं करेन?”

मी नको नको ते बोलले. शेवटी ती म्हणाली, “ठीक आहे. आजपासून आपण दोघींनी तिच्याजवळच बसायचं. मलाही नजरेसमोर ठेव.”

आम्ही बसलो. दुपारचीच वेळ, बाहेर पाऊस नाही, वारा नाही, नुसतं राखाडी. कॉटच्या एका बाजूला मी, एका बाजूला ती. रेवा पाठीवर झोपलेली. थोड्या वेळानं तिनं मान डावीकडे वळवली, तोंड उघडलं आणि चोखायला लागली. बाळं झोपेत ओठ हलवतात, मला माहीत आहे. मी कस्तुरीला तेच सांगणार होते. पण मग मला रेवाचा गळा दिसला.

माझं आयुष्य लोकांच्या गळ्यांकडे बघण्यात गेलंय. कुठला घोट खरा, कुठला खोटा, हे मला झोपेतही कळेल. रेवा गिळत होती. एक लय धरून, घोटामागून घोट, आवाज करत. तिचं नाक आणि गाल किंचित चपटे झाले होते, कशाला तरी टेकल्यासारखे. एक मूठ हवेत उघडत होती, मिटत होती, उघडत होती. मग ती थांबली, ओठ सुटले, हनुवटीवरून एक ओघळ आला आणि तिनं छान मोठी ढेकर दिली.

कस्तुरीचा चेहरा पांढराफटक.

“वहिनी,” ती म्हणाली, “मी नाव नाही घेतलं.”

“काय?”

“बारशाला. मी कुणाचंच नाव नाही घेतलं. जो कोणी असशील तो ये म्हटलं. ते लोक आधी नावं घ्यायचे गं! आधी कुणाला बोलावतोय ते सांगायचे, मग ते वाक्य. मी नुसतं वाक्यच म्हटलं.” मग ती अडखळत म्हणाली, की ग्रीकांकडे एक देवी होती, मुलं वाढवणारी. पुष्कळ ठिकाणी तिला नावच नसायचं. काम हेच नाव. मोठ्या देवांच्या आधी तिचा वाटा काढायचे. “पण कोण आलंय, मला खरंच माहीत नाही. कुणीतरी ऐकलं, एवढंच. वहिनी, ती वाईट करत नाहीये. रेवाला सांभाळ म्हटलं, ती सांभाळतेय.”

“पोर वाळत चाललीय माझी!”

“तिच्या दुधानं आपलं माणूस नसेल वाढत.”

हे सगळं लिहिताना मला लाज वाटते, पण त्या क्षणी मी काही डॉक्टर वगैरे नव्हते. मी विचारलं, “पाठवायचं कसं?”

कस्तुरीला त्यांच्याकडचं येत नव्हतं. नाव असल्याशिवाय निरोप देता येत नाही म्हणाली. आपल्याकडचं आठवून बघितलं, तर अक्षता टाकून आपण देवाला काय म्हणतो? पुन्हा या. गौरीला काय म्हणतो? पुढच्या वर्षी ये. माहेरवाशिणीला, पाहुण्याला, दूधवाल्यालासुद्धा... या हं. जा म्हणायची आपल्यात रीतच नाही.

मी एक कोरा ब्लाउजपीस काढला. तांदूळ घेतले, नारळ नव्हता म्हणून संत्रं, हळदकुंकू. आणि पंपानं काढलेलं माझं दूध वाटीत ओतलं. पहिला वाटा. निखिल खाली आला, आम्हाला बघून “काय चाललंय काय?” म्हणाला, आणि माझा चेहरा बघून जिन्यावरच बसला. कॉटशेजारच्या रिकाम्या खुर्चीत मी ओटी ठेवली, नमस्कार केला. शेजारी कस्तुरी, हात जोडून.

“बाई,” मी म्हणाले, “आम्ही बोलावलं म्हणून तू आलीस. तुझी चूक नाही. तू खूप केलंस. पण हिला आई आहे. मी आहे. आता तू जा.”

कस्तुरीच्या तोंडून सवयीनं निघालंच, “या—” मी तिच्या तोंडावर हात दाबला. इतक्या जोरात की तिचा ओठ फुटला. मग पुढचं दार उघडलं आणि परत म्हणाले, “जा.”

काही झालं नाही. पडदा हलला नाही, दिवा विझला नाही. थंडी आत आली, मी दार लावलं. आणि मागे रेवानं टाहो फोडला. भुकेनं, पूर्वीसारखा. उचलून घेतली तर अशी तुटून पडली की मी कळवळले आणि रडत रडत हसले.

पुढच्या वजनाला काटा वर गेला. ब्रीजा म्हणाली, “शी इज ग्रँड!” म्हणजे अगदी छान आहे. नळी टळली. पीडियाट्रिशियनच्या मते कधी कधी बाळं अशी करतात, आपोआप सुधारतात. निखिलही तेच म्हणतो, आणि कस्तुरी त्याबद्दल बोलतच नाही. मीही कुणी विचारलं तर तेच सांगते, कारण दुसरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधलं नाही असं नाही. नाही सापडलं.

पण एक गोष्ट मी निखिललाही सांगितलेली नाही. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस रेवा रडायची. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही. भुकेचं रडणं मला कळतं, दुखण्याचं कळतं. हे रडणं मी पूर्वी ऐकलेलं होतं... पुण्यात शिकत असताना मुलांच्या वॉर्डात, ज्यांची आई बाळंतपणानंतर थोड्या दिवसांनी गेली त्या मुलांचं. सगळे त्यांना आळीपाळीनं उचलून घेतात, पाजतात, जोजवतात, आणि ती प्रत्येकाच्या खांद्यावरून मान वळवून दाराकडे बघत राहतात.

रेवा तशी रडत होती. माझ्या कुशीत, माझं दूध पिऊन झाल्यावर, दाराकडे बघत.