अलॉइस टीलेन आणि न वाटलेला नफा

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९८९. सकाळी पारा शून्याखाली एकोणीस. चिमण्यांना दाणे घातले. उद्यापासून ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, म्हणून डोनट तळले, चार डझन. दुपारी अलॉइस आला. बूट न काढता स्वयंपाकघरात शिरला, सहा डोनट खाल्ले आणि म्हणाला, बँक आपले पैसे दाबून बसली आहे. जाताना दार नीट लावलं नाही.

अलॉइस टीलेन म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, फिलोमेनाचा नवरा. आयुष्यभर त्याने दूध काढलं आणि आयुष्यभर संशय घेतला. डेअरीच्या दूध तपासणाऱ्यावर त्याचा डोळा असायचा, चर्चच्या सोडतीत चिठ्ठ्या ढवळणाऱ्या फादरवरही असायचा. गवत विकत घेताना गंजीच्या मधोमध हात खुपसून आतलं गवत बाहेर काढून हुंगायचा; वरचं गवत, म्हणायचा, विकणाऱ्यानं माझ्यासाठी ठेवलेलं असतं. मला तो ‘सिस्टर’ म्हणे, कारण मी मठाच्या शाळेत शिकले आणि माझं अक्षर अजून नन्सनी घोटून घेतलं होतं तसंच आहे. ‘टिली’ अशी नावाने हाक मारली तर काहीतरी गंभीर आहे असं मी समजावं.

बँकांचा संशय त्याला बापाकडून मिळाला होता. तिसाच्या दशकात पलीकडच्या गावातली एक बँक बुडाली तेव्हा त्याच्या बापाचे तिथे शेअर होते. तेव्हाच्या कायद्याने शेअर तर बुडालेच, वर तेवढेच पैसे पुन्हा भरावे लागले. अलॉइस तेव्हा आठ वर्षांचा. ते भरायला विकलेली घोड्यांची जोडी अंगणातून बाहेर नेताना त्याने पाहिली होती. ‘घोडे वळून बघत होते,’ एवढंच तो सांगायचा, आणि तेही बिअर प्यायल्यावरच.

आदल्या शरदात त्याने गायी विकल्या. गुडघे गेले होते आणि मुलगी ओरेगनला, तिचा नवरा सुतार. गोठ्यात कोण उतरणार? लिलावाचे पैसे आले. त्या दोघांच्या म्हातारपणासाठी होतं ते एवढंच. शेत आधीच पुतण्याला दिलेलं.

आणि या पैशांसाठी आमच्या सेंट ओडिलच्या शेतकरी बँकेचा अध्यक्ष कर्टिस राडेमाखर अलॉइसच्या घरी कॉफी प्यायला गेला. एका मयत भागधारकाचे शेअर विक्रीला होते, चाळीस डॉलरला एक. राडेमाखर चार वर्षांपूर्वी शहरातून आला आणि त्याने दरवर्षी लाभांश वाढवला. माझे दिवंगत यजमान एमरिख यांचे काही शेअर माझ्याकडे होते, त्यामुळे त्या वाढीवर घर गरम ठेवणारी माझी नवी भट्टी बसली होती. मी तक्रार कशाला करू? फिलोमेनाने तर मनातल्या मनात ओरेगनचं तिकीट काढून ठेवलं होतं. उत्तर भागधारकांच्या वार्षिक सभेपर्यंत द्यायचं होतं.

त्या मंगळवारी अलॉइस बँकेचा वार्षिक अहवाल घेऊन माझ्याकडे आला तो त्यातल्या एका ओळीसाठी. त्या ओळीतल्या रकमेला आमच्याकडच्या बँका जुनंच नाव वापरायच्या: न वाटलेला नफा.

“वाच,” तो म्हणाला. “न वाटलेला. म्हणजे वाटायचा होता, वाटला नाही. कोणाचा? शेअरवाल्यांचा. तुझासुद्धा, सिस्टर. तुझ्या नाकाखालून.”

“एमरिख म्हणायचे, तो आपलाच आहे, कधीतरी वाटतील.”

“एमरिख देवमाणूस होता. देवमाणसांच्याच खिशात हात घालतात.”

मला हसू आलं, पण आमच्या गावात बहुतेकांची समजूत हीच होती. भावाभावांत वाटणी न झालेली जमीन असावी तसा तो पैसा कुठेतरी पडून आहे, आणि थोरला भाऊ एकटाच त्यावर पीक काढतो आहे.

दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून आम्ही चर्चमधून थेट बँकेत गेलो. मला त्याने साक्षीदार म्हणून नेलं. राडेमाखरने दोघांना खुर्च्या दिल्या. त्याच्याही कपाळावर राख होती. अलॉइसने तीही जरा निरखून पाहिली.

“मला तो नफा बघायचाय,” अलॉइस म्हणाला.

“कुठला नफा?”

“न वाटलेला. कुठे ठेवलाय? तिजोरीत असेल तर तिजोरी उघडा. मला घाई नाही.”

राडेमाखर हसला, पण वाईट हसला नाही. “अलॉइस, ती काही बरणी नाही हो. बँकेला वर्षाला नफा होतो. त्यातला काही तुम्हाला लाभांश म्हणून देतो, उरलेला बँकेतच राहतो. असा वर्षानुवर्षं राहिलेला सगळा मिळून तो आकडा. पैसे केव्हाच कर्ज म्हणून बाहेर गेलेत. तुमच्या पुतण्याचा नवा गोठा कशाचा आहे? त्यात थोडे ते आहेत, थोडे ठेवीदारांचे.”

“म्हणजे माझ्या नफ्यावर माझाच पुतण्या व्याज भरतो?”

“आणि त्यातून पुन्हा नफा होतो. कोणी कर्ज बुडवलं तर पहिला मार त्या आकड्याला बसतो, ठेवीदारांना नाही. तेवढ्यासाठीही तो लागतो.” मग तो पुढे वाकला. “पण माझ्या आधीचे अध्यक्ष फार कंजूष होते. नुसतं साठवत बसले. मी वाटतो. गेल्या साली बँकेने शेअरमागे दोन डॉलर कमावले आणि मी तुम्हाला दोन डॉलर साठ सेंट दिले!”

मला वाटलं, आता अलॉइसचं समाधान झालं. दाबलेला पैसा वाटला जातो आहे, याहून त्याला काय हवं? पण त्याने नाक जरा वर केलं. गंजीतलं गवत हुंगताना करायचा तसं.

“दोन कमावले,” तो सावकाश म्हणाला, “आणि दोन साठ दिले.”

“हो!”

“चला सिस्टर,” तो म्हणाला, आणि टोपी घालून उठला.

पिकअपमधून घरी निघालो. डॉर्नच्या ओसाड गोठ्याशी आल्यावर त्याने गाडी जवळजवळ थांबवली.

“लेस्टर डॉर्न आठवतो?”

“नवीन गाडी दर दोन वर्षांनी.”

“दर दोन वर्षांनी. सगळा गाव म्हणायचा, लेस्टरला जमलं. आणि तो काय करायचा? कालवडी विकायचा. दरवर्षी झालेल्या सगळ्या. दुधाचे पैसे अधिक कालवडींचे पैसे, आणि सांगायचा काय, तर दुधाला बरकत आहे. गायी म्हाताऱ्या झाल्या तेव्हा मागे एक नव्हती.” त्याने गाडी पुढे काढली. “हा राडेमाखर कालवडी विकतोय, टिली. आणि आपल्याला सांगतोय दूध वाढलं.”

टिली म्हणाला. म्हणजे गोष्ट गंभीर होती.

आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गोठ्यात झालेल्या कालवडींतल्या किती विकल्या आणि किती ठेवल्या यावरून शेतकरी कळतो. पण मीही गोठ्यात वाढले आहे, आणि अलॉइसला प्रत्येक गोष्टीत बरोबर ठरू द्यायची मला सवय नाही.

“ठेवलेल्या कालवडी गाभण राहिल्याच नाहीत तर?” मी विचारलं. “माझ्या वडिलांच्या चुलत्याने सगळ्या ठेवल्या होत्या. निम्म्या भाकड निघाल्या. नुसतं गवत खाल्लं. जुन्या अध्यक्षांनी साठवून ठेवलं, ठीक. पण त्या पैशाला वासरं झाली का?”

अलॉइसने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीही आता राडेमाखरच्या पगारावर आहे. “घरी अहवाल आहेत तुझ्याकडे?”

एमरिख काहीच फेकत नसत. आम्ही माझ्या टेबलावर जुने अहवाल मांडले आणि फिलोमेनालाही बोलावलं. जुन्या अध्यक्षांच्या काळात दरवर्षी थोडा नफा ठेवला गेला होता आणि पुढच्या वर्षीची कमाई थोडी वाढली होती. मोठी नाही, पण वाढली होती. म्हणजे भाकड नव्हत्या. राडेमाखर आल्यापासून लाभांश चढत गेला, कमाई जागच्या जागी, आणि न वाटलेला नफा वर्षागणिक खाली.

“म्हणजे तो चोर आहे?” फिलोमेनाने विचारलं.

“चोर नाही,” मी म्हटलं. “आपल्याचकडचं आपल्याला देतोय. उघड लिहून देतोय.”

“मग काय बिघडलं? आपलंच आहे ना? घ्या आणि खा!” तिचा आवाज चढला. “अलॉइस, तुम्ही चाळीस वर्षं मला सांगितलंत, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी घेऊ. मीच तुमचा न वाटलेला नफा आहे!”

अलॉइस अहवालांची चळत सरळ करू लागला. मी कॉफी ओतली. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही.

सभा शाळेच्या तळघरात झाली, हॅमच्या सँडविचसकट. राडेमाखरने लाभांश जाहीर केला, टाळ्या झाल्या. मग अलॉइस उभा राहिला.

“एकच प्रश्न. या साली कालवडी किती ठेवल्या?”

लोक हसले. राडेमाखरही हसला, पण इतरांपेक्षा उशिरा. “अलॉइस, ही बँक आहे.”

“तेच विचारतोय.”

मागून कोणीतरी ओरडलं, “खाली बस रे, टीलेन! तुला सँडविचमध्येही हॅम कमी दिसतं!” अलॉइस बसला. शेअर त्याने घेतले नाहीत. ते एका दंतवैद्याने घेतले. अलॉइसने गायींचे पैसे त्याच बँकेत मुदतीच्या ठेवीत टाकले, कारण ठेवीला सरकारची हमी होती आणि शेअरला नव्हती. राडेमाखरने पावती देताना म्हटलं, “म्हणजे विश्वास आहे तर.” “सरकारवर,” अलॉइस म्हणाला, आणि मग जरा विचार करून, “थोडासा.”

फिलोमेना महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही.

पुढच्या जानेवारीत कर्ज काढून बसलेल्या दोन गोठेवाल्यांनी हात वर केले. बँक डगमगली नाही, पण बँक तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी राडेमाखरला काहीतरी ऐकवलं असावं. लाभांश दोन साठवरून साठ सेंटवर आला. गावात हलकल्लोळ झाला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच म्हणू लागले, आपला नफा दाबला. दंतवैद्याने चाळीसला घेतलेले शेअर सव्वीसला काढले. मला वाटलं अलॉइस पेढे वाटल्यासारखा गावभर फिरेल. तो माझ्याकडे आला तो चिडलेला.

“एवढा कमी का दिला? आता काय लपवतोय?”

“लपवत नाहीये. ठेवतोय. तूच म्हणत होतास ना?”

तो दारात उभा राहिला. मग पहिल्यांदाच वाकून त्याने बूट काढले.

त्या आठवड्यात, राडेमाखर आता कालवडी ठेवतोय म्हणत, त्याने दंतवैद्याचे निम्मे शेअर घेतले. गायींच्या पैशातला जेमतेम एक हिस्सा त्यात गेला. बाकी ठेव तशीच राहिली, बापाच्या त्या घोड्यांसाठी म्हणाला. ठेवीच्या व्याजातून फिलोमेनाला ओरेगनचं तिकीट काढून दिलं, येण्याजाण्याचं. ती म्हणाली, जाण्याचंच पुरलं असतं. त्यानंतर बरीच वर्षं तो बँकेत जाऊन विचारायचा, ठेवलेला पैसा कोणाला दिला, त्याच्या गोठ्याचं छप्पर मी पाहिलं तर चालेल का. राडेमाखर त्याला आत घ्यायचा. बाहेर बसवलं तर तो रांगेतल्या लोकांना विचारतो, हे राडेमाखरला कळलं होतं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी १९९०. फिलोमेनाला सकाळी विमानतळावर सोडलं. उद्यापासून पुन्हा उपवास, म्हणून डोनट तळले. अलॉइस दुपारी आला, चारच खाल्ले. तळणाची चरबी काळी पडली होती, टाकून दिली.