पाण्यावरची फुल रेस

लेथखाली लोखंडाचा चुरा साचतो, तसे आमच्या गॅरेजात किस्से साचतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी पुन्हा ढीग! मी नववीत शाळा सोडून अनगोळात आप्पांकडे इंजिनकामाला लागलो, तेव्हापासून ऐकतच आलोय. बोलणं मला जमत नाही. पण बोटीच्या इंजिनाचं मात्र सांगावंसं वाटतं.

*

मालवणचे एक काका टेम्पोतून इंजिन घेऊन आले. छोट्या स्पीडबोटीचं, आठ सिलिंडरचं. हे बोटीच्या आत मागच्या टोकाला बसतं, आणि पंखा फिरवणारा भाग तेवढा बाहेर पाण्यात. खाऱ्या पाण्यानं पार जाम झालेलं.

काका म्हणाले, "नुसती चालायला नको, बोट उडायला पाहिजे!"

आप्पांनी जन्मभर जीप आणि ट्रॅक्टरची इंजिनं बांधली. समुद्र कधी पाहिलाच नव्हता. काकांना नवल वाटलं. "समुद्र एवढा जवळ असून तुम्ही कधी गेला नाहीत?"

आप्पा म्हणाले, "त्यो तरी कुठं आलाय हिकडं?"

*

इंजिनांजवळ उभं राहून राहून आप्पांचे कान गेलेत. फोनवरचं तर काहीच ऐकू येत नाही. पण लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली, की आतला एकेक व्हॉल्व्ह त्यांना ऐकू येतो.

आप्पांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. त्या एकदा जेवायला हाका मारून दमल्या. म्हणाल्या, "माझ्यातनं तेल गळाय लागलं, म्हंजे ऐकू यील तुमास्नी!"

*

इंजिनात हलके पिस्टन घातले, नवा कॅमशाफ्ट घातला. हवा आत जायच्या वाटा घासून गुळगुळीत करायचं काम माझ्याकडं. मी घासायचो, आप्पा आत बोट फिरवायचे. "अजून खडबडीत हाय." पुन्हा घासायचो.

लेथवाला बसू म्हणाला, "ह्येनं स्वतःचं तोंड पण कधी एवढं घासलं न्हाय!"

*

बोटीच्या इंजिनाला रेडिएटर नसतो, बाहेरचं पाणी ओढून ते थंड होतं. आम्ही गॅरेजात स्टँडवर बसवून चालू केलं, टाकीचा पाइप लावला. आमची टाकी संपली. शेजारची लावली, तीही संपली. आणि नळ यायला अजून अवकाश!

शेजारच्या आक्का रिकामी कळशी घेऊन दारात. "आप्पा, तुमचं बाळ गल्लीचं पाणी प्यालं की वो!"

आप्पांनी मान डोलावली. "व्हय व्हय, आवाज झ्याक हाय!"

*

पण आप्पांचं मन भरलं नव्हतं. "हितं नुसतं गुरगुरतंय. पाण्यानं धरलं म्हंजे खरं बोलंल. एकदा पाण्यावरची फुल रेस ऐकायची, बास."

इंजिनाबरोबर मालवणला जायचं ठरलं. आप्पांनी नवा शर्टही शिवला. आणि काका आले ते नेमके खंडेनवमीला! हत्यारं हळद-कुंकू लावून पूजेला बसलेली. त्या दिवशी ती उचलायची नाहीत, आणि हत्यारांशिवाय आप्पा कुठं जात नाहीत. टेम्पो थांबायला तयार नाही. इंजिन झेंडूच्या माळेसकट गेलं.

बसू म्हणाला, "आप्पा, इंजिन पण पूजेतच हुतं की! ते कसं उठलं मग?"

आप्पांना ते ऐकू आलं नाही. निदान तसं दिसलं.

*

काही दिवसांनी काकांचा फोन आला, भर समुद्रातून. मी उचलला. "धर कानाला, फुल देतो!"

बसूनं लेथ बंद केला. आधी गुरगुर, मग पाण्याचे दणके, मग सगळं मिळून एकच ताणलेला आवाज, वर वर जाणारा. माझ्या अंगावर काटा आला. आप्पा समोर उभे राहून माझ्या तोंडाकडं बघत होते.

रेंज गेली.

"कसं वाजलं रं?" आप्पांनी विचारलं.

"भारी," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"भारी म्हंजे? वाजवून दाखीव की!"

सगळे बघत होते. एरवी गिऱ्हाइकाशी बोलतानाही माझा आवाज फुटत नाही. मी डोळे मिटले आणि तोंडानं इंजिन चालू केलं.

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. भिंतीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, शर्टाला पुसला, टोक हळूच माझ्या छातीवर टेकवलं आणि मूठ कानामागं धरली.

"हां," म्हणाले, "आता दे फुल रेस."