तिसऱ्या पंपाची अँटेना

फाउस्तो चोकेतिया अँटेनांच्या बाबतीत भलताच ताठ होता. बोलिव्हियातल्या आमच्या ओरुरो शहराच्या पेट्रोल पंपांवर अँटेना बसवायच्या आणि त्यांचा जोर जुळवायचा, हेच त्याचं काम. गाडीच्या काचेवर सरकारी चिकटपट्टी असते. अँटेना ती वाचते, मालकाचं नाव लावते, मगच पेट्रोल सुटतं. जोर कमी पडला तर समोरची गाडी दिसत नाही आणि जास्त झाला तर शेजारचीही दिसते. तो नेमका जुळवायला फाउस्तो तासन्‌तास शिडीवर बसायचा. मग तिसऱ्या पंपाशेजारच्या माझ्या ठेल्यावर जांभळ्या मक्याची गरम आपी पिताना म्हणायचा, "मावशी, खोटं बोलतो तो माणूस. अँटेना नाही."

ठेल्याला लागूनच निन्फा आपली टॅक्सी लावून गिऱ्हाइकाची वाट पाहायची. बाई विधवा, जिभेने तिखट, हाताने सढळ. बाप्तिस्म्याला फाउस्तोच्या पोरीला तिनेच हातात धरलं होतं, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडांपेक्षा जड.

कार्निव्हलच्या मंगळवारी पेट्रोल पंपाच्या मालकिणीने रिवाजाप्रमाणे पंप सजवले, धरणीमातेच्या, पाचामामाच्या नावाने बिअर शिंपडली. तिसऱ्या पंपाच्या अँटेनावर तर चमकीच्या माळांचा ढीगच चढवला. झालं, अँटेनाला गाड्या दिसेनात. पण माळा रविवारपर्यंत काढायच्या नसतात, पाचामामा रागावते. "राहू द्या मग," म्हणून फाउस्तोने अँटेनाचा जोर वाढवून दिला. रविवारी माळा उतरल्या. जोर कमी करायचा मात्र तो विसरला.

थोड्याच दिवसांत निन्फाचं पेट्रोल बंद झालं. सरकारच्या हिशेबी ती रोज टाकीवर टाकी भरून घेत होती, म्हणजे नक्कीच सीमेपलीकडे चढ्या भावाने विकत होती. तिने फाउस्तोला भर रांगेत गाठलं.

"कोम्पाद्रे, मी कशी आहे ते तुला तरी ठाऊक आहे ना?"

त्याने मानही वळवली नाही. "अँटेना खोटं बोलत नाही, कोमाद्रे. कुणाला विकलंस ते आठव."

रांग फिदीफिदी हसली. "आम्हालाही दे की थोडं, निन्फामावशी!" मागून कुणीतरी म्हणालं. निन्फा चालत घरी गेली.

कोरड्या टाकीची टॅक्सी माझ्या ठेल्याशेजारीच उभी राहिली. एका सकाळी तिसऱ्या पंपाला ट्रक लागला, तर यंत्राने निन्फाचं नाव दाखवून पेट्रोल नाकारलं. पंपावरची पोरगी हसली, "काय हो मिस्त्री, निन्फामावशीने ट्रक कधी घेतला?"

फाउस्तोने ट्रककडे पाहिलं, मग टॅक्सीकडे, मग अँटेनाकडे. तिच्या कोपऱ्यात चमकीचा एक तुकडा अजून अडकला होता. समोरच्या गाडीऐवजी ती शेजारची टॅक्सीच वाचत होती, आणि दुसऱ्यांचं पेट्रोल निन्फाच्या नावावर चढत होतं. त्याचं तोंड राखेसारखं झालं. मी आपी पुढे केली, त्याने घेतली नाही. "मावशी, मला तोंड दाखवायला जागा उरली नाही," एवढंच म्हणाला.

गुपचूप जोर उतरवून तो निघून गेला असता तर कुणाला कळलं नसतं. तसं त्याने केलं नाही, हे कबूल करायला हवं. कचेरीत जाऊन त्याने चूक आपल्या नावावर घेतली आणि निन्फाचं पेट्रोल सुरू करून आणलं. मग ती टॅक्सीत बसली होती तिथे खिडकीशी वाकून तो पुटपुटला, "कोमाद्रे, चूक माझी होती."

"चोर ठरवलंस तेव्हा रांगेला ऐकू गेलं," निन्फा म्हणाली. "आताच कसा आवाज बसला?"

लाजेने तो कानापर्यंत लाल झाला. टोपी हातात घेऊन रांगेपुढे जाऊन उभा राहिला. "ही बाई चोर नाही. अँटेना मी चुकीची लावली होती..." मागून हॉर्न सुरू झाले. "मिस्त्री, बाजूला व्हा, खोळंबा होतोय!" किती जणांनी ऐकलं देव जाणे. हसायला तेव्हा सगळे होते.

मालकिणीने कॅनभर पेट्रोल देऊन टॅक्सी चालू करून दिली, तशी निन्फा तिसऱ्या पंपाला लागली. अँटेनाने तिचं नाव बरोबर लावलं. टाकी भरल्यावर तिने काच खाली केली.

"आभारी आहे, मिस्त्री."

इतक्या वर्षांत तिने त्याला कोम्पाद्रे सोडून दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नव्हती. टॅक्सी निघून गेली तरी फाउस्तो तिथेच उभा होता, आणि मागचा ट्रकवाला पुन्हा हॉर्न वाजवत होता.