डागमास्तरांचं अंगण

माझ्या धाकट्या दिरांचं नवं नवं लग्न झालं होतं तेव्हा मी त्यांचं एक भांडण ऐकलं. कान लावून नाही, भिंतच पातळ होती.

जाऊ म्हणत होती, "पाहुण्यांच्या हातात कप, आणि तुम्ही टेबलावरचं कापड ओढून घेतलंत. माणसं काय म्हणतील?"

"चहा सांडला होता."

"पाहुणे गेल्यावर धुता आलं असतं."

"डाग काय पाहुण्यांना विचारून मुरतो?"

"मग पाहुण्यांनाच भिजत घालायचं होतं."

त्यावर बादलीत पाणी पडल्याचा आवाज तेवढा आला.

भाऊजींची लाँड्री होती. गल्लीत सगळे त्यांना डागमास्तर म्हणत आणि त्यांना ते आवडे. आलेला कपडा उजेडात धरायचे, नखानं खरवडायचे, नाकाशी न्यायचे, आणि गिऱ्हाईक काल कुठे बसलं होतं, काय खाल्लं होतं ते सांगून मोकळे व्हायचे. म्हणून काही पुरुषमाणसं बायकोला घेऊन त्या दुकानात पाऊल टाकत नसत. शाई असो, गंज असो, तेल असो, भाऊजींपुढे काही टिकलं नाही. स्वभावही तसाच. बोलायला बसले की समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कॉलरकडे बघायचे.

म्हातारपणी धाकटी जाऊ पडली, कमरेचं हाड मोडलं. वॉकर धरून चालू लागली, पण स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंतच. पलीकडे सगळी माती, वॉकरचे पाय रुतायचे. डॉक्टर म्हणाले, उन्हात बसवत जा, नाहीतर अंथरूण धरेल. भाऊजींनी दुकान मोडलं आणि मागची सगळी जागा सिमेंटच्या फरश्यांनी बांधून घेतली. दारात छोटा उतारसुद्धा केला. बायकोसाठी त्यांनी एवढं काही केल्याचं मला तरी आठवत नाही. त्यांनाही आठवत नसावं, कारण येईल त्याला दाखवत होते.

आठ-पंधरा दिवसांत फरश्यांवर पांढरं उमटलं. कुठे पीठ सांडल्यासारखं, कुठे कुणी ओलं फडकं वाळत टाकून विसरल्यासारखं. भाऊजींनी गवंड्याला बोलावलं.

गवंडी बघून म्हणाला, "लोणा आहे. सिमेंटमधला खार वर येतो. सोडून द्या. ऊन-पाऊस खाल्ला की जाईल."

"सोडून द्या म्हणजे?"

"म्हणजे हात लावू नका."

गवंड्याचं सगळ्याच बाबतीत असं होतं. पायरी वाकडी झाली तेव्हाही तो सोडून द्या म्हणाला होता, नळ गळत होता तेव्हाही. त्यामुळे तो खरं बोलत असेल असं कुणालाच वाटलं नाही. आणि डागमास्तरला डाग सोडून द्या म्हणणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं.

भाऊजींनी फर्मान काढलं, "डाग निघेपर्यंत कुणी फरशीवर पाय द्यायचा नाही." ज्या पायांसाठी फरशी घातली ते पाय घरात राहिले. धाकटी खिडकीशी बसून नवऱ्याची पाठ बघू लागली.

आधी ब्रश आणि साबण झाला. वाळल्यावर पांढरं पुन्हा हजर. मग सोडा, मग व्हिनेगर. मग बाथरूमचं ॲसिड आणलं. त्यानं पांढरं गेलं, पण सोबत सिमेंटचा राखाडी रंगही गेला आणि मधोमध पिवळा पट्टा उठला. मी म्हटलं, "भाऊजी, आता तरी थांबा."

"वहिनी, धंद्याचा नियम आहे. डाग निघत नसला की कापडच डागाच्या रंगाचं करायचं."

म्हणून सगळ्या फरश्या पिवळ्या करायला घेतल्या. कापड मुकाट्यानं रंग घेतं, फरशी घेत नाही. एक पिवळी झाली, दुसरी तांबूस, तिसरी जशी होती तशीच. मग सगळं एकसारखं मुरावं म्हणून त्यांनी जुन्या चादरी त्याच ॲसिडात भिजवून वर अंथरल्या. उचलल्या तर चादरीची प्रत्येक चुणी फरशीवर छापलेली.

"आता इस्त्री तेवढी फिरवायची राहिली," मी म्हटलं. ते हसले नाहीत. विचार करत होते, अशी मला शंका आहे.

धाकटी दिवसेंदिवस कमी बोलायला लागली. आधी जेवायला टेबलापर्यंत यायची, आता ताट अंथरुणावर मागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं तेच होत होतं, आणि घरचा माणूस बाहेर गुडघ्यावर बसून फरशी घासत होता. मी भाऊजींना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "झालंच आता. असल्या घाणीत बसवू तिला?"

एके दुपारी ते नवीन ब्रश आणायला गेले. धाकटी मला म्हणाली, "ताई, खुर्ची बाहेर ठेवता का?"

"ओरडतील ते."

"ओरडू देत. उन्हात ओरडतील."

मी खुर्ची ठेवली. ती वॉकर टेकत टेकत उतारावरून उतरली, मध्ये दोनदा थांबली, पण माझा हात घेतला नाही. खुर्चीत बसली आणि डोळे मिटले.

भाऊजी आले. आधी त्यांना फरशी दिसली, बायको मागाहून. दारापासून खुर्चीपर्यंत वॉकरच्या रबराचे काळे ठिपके पडले होते. ते वाकले, नख लावलं.

"रबर आहे. रॉकेलनं निघेल."

"काढा की," धाकटी डोळे न उघडता म्हणाली. "उद्या मी परत पाडीन."

ते ब्रश हातात धरून उभे राहिले. तिचं तोंड उन्हानं लाल झालं होतं. बऱ्याच दिवसांनी ते कॉलरच्या वर बघत होते. मग आत गेले, मला वाटलं रॉकेल आणायला; तर उशी घेऊन आले आणि तिच्या पाठीशी ठेवली.

त्यानंतर ती रोज बाहेर बसू लागली. ती आत आली की भाऊजी ठिपके पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी ती नवे पाडायची. लोणा पावसाळ्यात आपोआप गेला. गवंडी येऊन "बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणून चहा पिऊन गेला. ॲसिडचे पिवळे पट्टे आणि चादरीच्या चुण्या मात्र अजून आहेत.

वॉकरची रबरं झिजायची. नवी आणायला भाऊजी स्वतः जायचे, आणि दर वेळी दुकानदाराशी वाद घालायचे, डाग न पडणारी पांढरी रबरं दे म्हणून. तो म्हणायचा, "काका, अशी येतच नाहीत." शेवटचे गेले तेव्हा मी सोबत होते. त्याच आठवड्यात ते वारले, पण त्या दिवशी ठणठणीत होते. तोच वाद घातला, हरले, काळीच रबरं घेतली. घरी येऊन वॉकर उलटा केला, जुनी ओढून काढली, नवी ठोकून बसवली आणि धाकटीपुढे ठेवला.

"चालून बघ."

ती बाहेर गेली. नवं रबर, ठिपके जास्तच काळे. भाऊजी दारात उभे राहून ती खुर्चीत नीट बसेपर्यंत बघत राहिले, आणि मग रॉकेलची बाटली शोधायला आत गेले.