चौकातल्या फ्लेक्सवर माझी बायको

बायको गेली त्या दिवशी गावातला एक कार्यकर्ता दारात आला. म्हणाला, "आबा, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतो. खर्च आमचा. फोटो तेवढा द्या." आमच्याकडं माणूस गेलं की फ्लेक्स लागतोच. नाही लावला तर लोक म्हणतात, याला बायकोचं काही नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. काही विचारलं नाही. पोरीच्या लग्नातला फोटो त्याच्या हातात दिला. त्यात ती हसतीय. एरवी फोटोत कधी हसायची नाही.

तेरावं झालं, फ्लेक्स उतरला. पुढं निवडणूक लागली. मी कवठे महांकाळचा बाजार करून आलो, चौकात एसटीतून उतरलो, तर समोर तीच. केवढी मोठी. तेच हसू, तीच नथ. शेजारी धो धो वाहणारा नळ, आणि तीच बोलतीय असं लिहिलेलं: "दारात पाणी आलं, डोक्यावरचा हंडा उतरला."

पारावर टेकलो. आमच्या गल्लीत पाईप आला, नळ आला, पाणी काही आलं नाही. टँकरच्या गर्दीतच ती हंड्यासकट पडली, खुबा मोडला, ती अंथरुणातून उठलीच नाही. आणि तिच्या तोंडी हे.

त्या कार्यकर्त्याला गाठला.

"आवं आबा, रागावू नका. काकींचा चेहरा लय बोलका हाय. सगळ्या तालुक्यात लावलाय."

"मेलेल्या माणसाला बोलायला लावतोस व्हय रं?"

"फोटो तुमीच दिला की."

खरंच होतं ते. म्हणून जास्त झोंबलं.

मतदानाच्या आधी तिचं तोंड तिथनं उतरवायचं, एवढंच मनात धरलं. फ्लेक्सचा फोटो काढून घेतला, अर्ज लिहवून घेतला आणि तहसील कचेरीत गेलो. निवडणुकीच्या टेबलावरचा साहेब माणूस बरा होता. फोटो निरखून म्हणाला, "परवानगी आहे. छापणाऱ्याचं नाव आहे. मापही बरोबर आहे."

"आन् खोटं लिवलंय त्याचं काय?"

"मजकूर खरा का खोटा, हे तपासायचं काम माझ्याकडं नाही, आजोबा." मग अर्जावर बोट ठेवलं. "फोटो कुणी दिला?"

"मीच."

त्यानं तेवढं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. अर्ज वर पाठवतो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तिचाच हंडा पुढ्यात घेऊन मी फ्लेक्सखाली बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, ही माझी बायको, मेलीय, पाणी आलेलं न्हाई. लोक नजर चुकवायचे. माझ्या वयाचा एकजण म्हणाला, "अख्ख्या तालुक्यात मान मिळाला तिला. गप बस की गड्या."

"मग तुझ्या बायकोचा लाव," म्हणालो. तो गेला.

तिसऱ्या दिवशी भरारी पथकाची गाडी आली. वाटलं, अर्ज पोचला. पण तक्रार माझ्यावरच होती. विनापरवाना प्रचार करतो म्हणून. फ्लेक्सला परवानगी होती, मला नव्हती. हंडा उचलला आणि घरी आलो.

मतदानाला गेलो नाही. तिच्या पुढनं जावं लागलं असतं.

निकालानंतर फ्लेक्स उतरवणाऱ्यानं गुंडाळी दारात आणून टाकली. "आबा, वैरणीवर टाका. पाऊस लागायचा न्हाई." जुने फ्लेक्स सगळे तेवढ्यासाठीच नेतात. मी विळ्यानं नळ कापला, वाक्य कापलं आणि उकिरड्यावर फेकलं. चेहरा तेवढा ठेवला. भिंतीला लावावा म्हटलं, तर घराला तेवढी भिंतच नाही. घडी करून ट्रंकेत ठेवलाय. अर्जाचं उत्तर आलेलं नाही.

एक फ्लेक्स माझ्याकडं आला. बाकीच्या गावांतनं ती कुणाकुणाच्या वैरणीवर पडली असंल, उन्हातान्हात, हसत.