प्रश्नांची वाट बघणारे ॲडमिनकाका

प्रश्न विचारणाऱ्याला इतकं छळणारा, आणि तरीही त्याला उत्तराशिवाय घरी न पाठवणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. मी आमच्या ग्रुपच्या ॲडमिनकाकांबद्दल बोलतोय. पनवेल आणि आसपासच्या प्रोग्रॅमर लोकांचा मोबाइलवर एक गप्पांचा ग्रुप आहे. तो काकांनी काढला, काकांनी वाढवला आणि अकरा वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसावं तसे काका त्याच्यावर बसून आहेत. वय पंचावन्नच्या पुढे. नोकरी एका जुन्या सॉफ्टवेअरची डागडुजी करण्याची. ते इतकं जुनं, की लिहिणारे सगळे निवृत्त झाले आणि आता ते फक्त काकांचंच ऐकतं. ग्रुपात दीडेकशे माणसं, पण त्यांतल्या बहुतेकांनी काकांना डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. तरी काकांचा धाक असा, की मेसेज पाठवण्याआधी माणूस शर्टाचं बटण लावून घेईल.

काकांच्या कायद्यात नुसतं नमस्कार-चमत्कार करणं हा पहिला गुन्हा. कोणी ‘हॅलो’ एवढंच लिहून थांबलं, की काका त्याला तासभर तसंच उभं ठेवायचे. कोणी ‘कोणी आहे का?’ असं विचारलं, की काका तत्काळ उत्तर द्यायचे, ‘नाही.’ स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो टाकणं हा त्याहून मोठा गुन्हा. एकाने असा फोटो टाकला तेव्हा काकांनी लिहिलं, ‘ट्यूबलाइट छान आली आहे. आता अडचण सांग.’ पण त्यांचा खरा राग ‘झालं’ या शब्दावर. चार माणसं दोन तास डोकं लावतात आणि ज्याची अडचण आहे तो मधेच ‘झालं, थँक्स’ लिहून गुल होतो. काका त्याला सोडायचे नाहीत. ‘काय झालं? मुलगा की मुलगी?’ काय बिघडलं होतं आणि कशाने सुधारलं, हे सविस्तर लिहिल्याशिवाय सुटका नाही. पुढच्याला उपयोग व्हावा म्हणून. या पुढच्याची काकांना फार काळजी.

आणि एवढं छळून झालं की मात्र माणूस कुठेही असो, मदतीला हजर. शिरढोणला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. भर मांडवात अंतरपाट धरलेला, आणि इकडे आमच्यातल्या एकाची चालू वेबसाइट झोपली. काकांचा मेसेज आला, ‘थांब. अक्षता टाकून येतो.’ पाच मिनिटांनी दुसरा, ‘टाकल्या. आता एररच्या शेवटच्या दहा ओळी दाखव.’ त्या लग्नाच्या व्हिडिओत सगळे वधूवरांकडे बघताहेत आणि मामा मोबाइलकडे, असं दृश्य कायमचं कोरलं गेलंय म्हणतात.

मी त्या ग्रुपात पहिल्याच वर्षी आलो, तो घाबरत. आमचं गाव गव्हाण. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा मी आणला. तो कुठे ठेवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आईने तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. मला त्या कागदाचा अभिमान होता, आजही आहे, सांगायला लाज कसली. पण अभिमानाची एक गंमत असते, तो प्रश्न विचारू देत नाही. शिकलेल्या घरातल्या पोरांना काका, मामा, थोरली बहीण असं कोणी ना कोणी विचारायला असतं. मला कोण? तीन दिवस विचार करून मी लिहिलं, ‘माझ्या एका मित्राचा प्रॉब्लेम आहे,’ आणि खाली माझा प्रोग्रॅम चिकटवला. काकांचं उत्तर आलं, ‘मित्राला सांग, सोळाव्या ओळीत कंस उघडलाय, बंद केलेला नाही. मित्र लाजरा दिसतो. त्यालाही ग्रुपात घे.’ त्या दिवसापासून मला विचारायला कोणीतरी झालं. बाबा मला मोबाइलमध्ये डोकं घातलेलं बघून म्हणायचे, “त्या काकाला दुसरा कामधंदा नाय काय रं?” मी म्हणायचो, “हाच आहे, बाबा.”

मग प्रश्नांची उत्तरं देणारी यंत्रं आली. त्यांना ‘हॅलो’ म्हटलेलं चालतं. तिरका फोटो चालतो. ती ‘आधी डोकं चालव’ असं म्हणत नाही. माणसं हळूहळू तिकडे गेली, आणि मीही गेलो, खोटं कशाला बोलू. दिवसभर मी आता यंत्राने लिहिलेलं तपासत बसतो. संध्याकाळी डोळे आणि मान दोन्ही कुणीतरी पिळून वाळत घातल्यासारखी होतात. या दमणुकीत ग्रुप कधी गप्प झाला, ते कळलंसुद्धा नाही. आधी दिवसाला चाळीस प्रश्न, मग चार, मग आठवड्याला एक. काका मात्र रोज सकाळी येऊन बसायचे. नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसायचं. गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात दुकानदाराने तीच बरणी पुन्हा पुन्हा पुसावी, तसे काका अधूनमधून ग्रुपचे नियम नव्याने टाकायचे. वाचायला कोणी नाही.

मागच्या महिन्यात एका सोमवारी त्यांनी लिहिलं, ‘येत्या रविवारपर्यंत एकही प्रश्न आला नाही, तर ग्रुप बंद करतो. रिकामं दुकान उघडं ठेवण्यात अर्थ नाही.’

मी ग्रुपातल्या मुनिराला फोन केला. ती पनवेलचीच, वडील अठ्ठावीस वर्षं कुवेतला होते. तिलाही पहिली नोकरी लागली ती काकांनी महिनाभर तासून घेतलं म्हणून. ती म्हणाली, “अरे, मग प्रश्न विचारू या ना! त्यात काय एवढं? एक तू विचार, एक मी. बुजुर्ग माणूस खूश होईल, सवाब मिळेल, पुण्य रे!” बेत पक्का झाला. आता अडचण एकच राहिली, आमच्याकडे प्रश्न नव्हता. जो होता तो यंत्राने कधीच सोडवला होता. मग मी, पदवीधर माणूस, जे करायला नको तेच केलं. यंत्रालाच सांगितलं, ‘नवशिक्याला पडेल अशी एक खरीखुरी वाटणारी अडचण लिहून दे.’ त्याने छान लिहून दिली. एका वाचनालयाचा प्रोग्रॅम, मीरा नावाची सभासद, आणि पुस्तक परत करायची तारीख एक दिवस अलीकडे दिसते. गुरुवारी मी ती ग्रुपात चिकटवली.

काकांनी तासाभरात उत्तर पाठवलं. उत्तर कसलं, निबंधच. वहीच्या पानावर पेनाने काढलेलं कॅलेंडर, त्यात बाण, ‘मध्यरात्रीचा हिशोब तुझा प्रोग्रॅम कोणत्या देशाच्या घड्याळाने करतो ते बघ’ अशी सूचना, शेवटी ‘प्रश्न चांगला आहे.’ अकरा वर्षांत काकांनी कोणाच्या प्रश्नाला चांगला म्हटल्याचं मला आठवत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कुणाच्या तरी ताटातला घास चोरून त्यालाच वाढल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी दुपारी मुनिराचा प्रश्न आला. वाचनालयाचा प्रोग्रॅम. सभासद मीरा. तारीख एक दिवस अलीकडे. तिनेही त्याच यंत्राला तेच सांगितलं होतं, आणि यंत्राने बिचाऱ्याने दोघांनाही एकाच पातेल्यातलं वाढलं. मी तिला ‘पुसून टाक!’ असं लिहीपर्यंत काकांचा मेसेज येऊन थडकला होता.

‘एकाच आठवड्यात पनवेलमधली दोन वाचनालयं बिघडली. दोन्हीकडे मीराबाईंचं पुस्तक अडकलं. बाई फार वाचतात.’

आणि त्यानंतर काही नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी सकाळीही नाही. नावाखालचं ‘ऑनलाइन’सुद्धा गेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा काकांना फोन लावला.

“काका, चुकलो.”

“चुकण्याचं काही नाही रे.” आवाज अगदी बारीक, ग्रुपातल्या दरडावणाऱ्या काकांचा वाटेनाच. “चुका निस्तरण्यातच जन्म गेला माझा. पण ते तुझं लिखाण इतकं नीटनेटकं होतं, अडकलेला माणूस असं कधी लिहितो का? पहिल्या ओळीत मला कळायला हवं होतं. कळलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला प्रश्न हवा होता.”

मी विचारलं, “ग्रुप बंद करताय?”

“उद्या चारला घरी या, दोघंही. समोरासमोर बसून बंद करू. असा परस्पर नको.”

वडाळे तलावाच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर काकांचं घर. रविवारी आम्ही गेलो. दार उघडणाऱ्या माणसाने पायजमा आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तो आमच्याकडे न बघता चपलांच्या स्टँडकडे बघत “या” म्हणाला. आम्ही बसलो. काकाही बसले. अकरा वर्षं रोज बोलणारी माणसं, पण समोर आल्यावर एकालाही एक वाक्य सुचेना. काका पंख्याकडे बघायचे, मी टीपॉयकडे, मुनिरा ओढणीकडे. काकू पाणी घेऊन आल्या, आमच्याकडे बघून म्हणाल्या, “हे घरात बोलत नाहीत, तेव्हा मला वाटायचं सगळं तुमच्याशी बोलून संपतं. तुमच्याशीही असेच का?”

“नाही काकू,” मुनिरा म्हणाली, “आमच्यावर ओरडतात.”

“हे? ओरडतात?” काकूंचा विश्वास बसेना. त्यांचा चेहरा असा झाला, की जणू नवऱ्याचं काही कौतुकास्पद लफडंच कळलं असावं.

काका घाईने उठले आणि “चहा करतो” म्हणून आत गेले. एक मिनिट गेलं. मग माझा आणि मुनिराचा मोबाइल एकदमच थरथरला. ग्रुपात काकांचा मेसेज होता, ‘साखर किती? नीट सांगा. “चालेल” हे उत्तर नाही.’

मी लिहिलं, ‘दीड चमचा.’ मुनिराने लिहिलं, ‘बिनसाखरेचा, आलं असेल तर.’ आणि मग जे कधीचे मेले होते ते जागे झाले. पुण्याहून एकाने लिहिलं, ‘मलाही अर्धा कप.’ कॅनडाहून एकीने लिहिलं, ‘इथे सकाळ आहे, मला दूध जास्त.’ कोणीतरी विचारलं, ‘काकांकडे आहात? फोटो टाका.’ मुनिराने टाकला, तिरका, वर ट्यूबलाइट चमकत असलेला. आतून काकांचा आवाज आला, “दिसतंय मला!” आणि आत ते चक्क हसले. काकू दारात उभ्या राहून कधी नवऱ्याकडे, कधी आमच्या मोबाइलकडे बघत होत्या.

चहा आला. मुनिराने हळूच विचारलं, “काका, बंद करायचा होता ना?”

“निवतोय. प्या आधी,” काका म्हणाले.

तो विषय पुन्हा निघाला नाही. सहाला उठलो. जिन्यात काकांनी चपलांकडे बघतच सांगितलं, “पोचलात की लिहा.”

मुनिराचं ‘पोचले’ दहा मिनिटांत आलं. उरण रोडला कंटेनरची रांग लागलेली, मी गाडी मधे घालत, काढत, दिवेलागणीला गव्हाणला पोचलो. अंगणात गाडी लावून मोबाइल काढला, तर काकांच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ होतं. मी लिहिलं, ‘पोचलो.’ लगेच ते ‘ऑनलाइन’ दिसायचं बंद झालं.

ग्रुप अजून आहे. प्रश्न येत नाहीत. यायचेही नाहीत आता, हे काकांनाही कळलंय. पण कोणी कुठे निघालं, मुंबईला, नागपूरला, अगदी कॅनडाहून परत, तर ग्रुपात येऊन ‘पोचलो’ एवढं लिहून जातं. काका त्यावर काही विचारत नाहीत.