करीमचं खुराडं

एकाहत्तरच्या लढाईनंतर आमची सिग्नलची कंपनी औरंगाबादच्या छावणीत आली. मी नाईक होतो आणि फॅमिली लाइनीची, म्हणजे जवानांच्या कुटुंबांच्या क्वार्टरांची, देखरेख माझ्याकडे होती. नळ, दिवे, गटारं आणि बायकांची भांडणं. लोक अजून विचारतात, "काका, लढाईत भीती वाटली का?" वाटली. पण नोकरीत सगळ्यात जास्त वैताग कधी आला, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज तेच सांगतो. तो आला कोंबड्यांमुळे, आणि कोंबड्यांपेक्षा कमी अकलेच्या एका कॅप्टनमुळे.

कॅप्टनचं नाव सांगत नाही. त्यांचीही मुलंबाळं असतील. आमचे अॅडज्युटंट होते. लढाई चालू असताना साहेब मागं डेपोत होते, तिथं काय केलं देव जाणे. आमच्याकडे आल्यावर मात्र त्यांना एकच शत्रू दिसायचा, तो म्हणजे वाकडी रांग. जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं आणि छावणीत चुन्याला ऊत आला. झाडांच्या बुंध्यांना चुना, दगडांना चुना, कुंड्यांना गेरू. लंगरच्या, म्हणजे आमच्या भटारखान्याच्या, मागं एक म्हातारं कुत्रं झोपायचं, ते वेळेवर उठलं म्हणून वाचलं.

लाइनीच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये हमीदाभाभी राहायच्या. आमच्या हवालदार करीमची बायको. करीम लढाईतून परत आला नव्हता. भाभींना आणखी काही महिने क्वार्टर ठेवायची परवानगी होती, मग त्या माहेरी लासूर स्टेशनला जाणार होत्या. बातमी आल्यापासून त्या माणसांशी जवळजवळ बोलतच नसत. बोलायच्या त्या फक्त कोंबड्यांशी. आठ कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळी करीमनं लासूरच्या बाजारातून पिल्लं असताना आणलेली. खुराडंही त्यानंच शेवटच्या सुट्टीत केलं होतं, दारूगोळ्याच्या पेट्यांच्या फळ्यांचं. दाराला बिजागरीच्या जागी रायफलच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक शहाबादी फरशी होती, तिच्यावर ते ठेवलेलं असायचं.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सकाळी कॅप्टन साहेब लाइनीत आले आणि खुराड्यासमोर थांबले.

"नाईक, यह डब्बा लाइन से बाहर है."

"साहब, मुर्गी का खुराडा है."

"जो भी है. कोयले की पेटियों के साथ ड्रेसिंग में लाओ, एक सीध में. यहाँ गमले रखो."

जाताना आणखी म्हणाले, "शाम के रोल कॉल के बाद एक भी मुर्गी बाहर दिखी, तो सब की सब लंगर में. कल बडाखाना है." बडाखाना म्हणजे साऱ्या कंपनीची पंगत.

फौजेत उलट बोलायची सोय नसते. मी चार जवान बोलावले. इन्स्पेक्शनमुळे कोंबड्या आतच कोंडलेल्या होत्या. म्हटलं, बरं झालं, खुराड्यासकट उचलू. चौघांनी चार कोपरे धरले, एक, दो, तीन म्हणून खुराडं वर घेतलं आणि पाऊल मिळवून चालू लागले.

खुराड्याला तळ नव्हता. फरशी धुता यावी म्हणून करीमनं ते नुसतं वर ठेवलेलं होतं. चौघे बहाद्दर रिकामं खुराडं मिरवत पुढं गेले आणि कोंबड्या फरशीवर होत्या तिथंच उघड्यावर उभ्या राहिल्या. मग कोंबडा ओरडला आणि पाहता पाहता फरशी मोकळी झाली.

भाभी दारात आल्या. साहेबांचं बोलणं त्यांनी खिडकीतून ऐकलं होतं. "भाऊ, काय झालं हे? साहेब खरंच कापतील का त्यान्ला?"

"व्हय भाभी," मी म्हणालो. "त्यो कापंल."

त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी ऑफिसात जाऊन साहेबांना सांगितलं की कोंबड्या दिवस मावळताना आपणहून घरी येतात, तोवर धीर धरा. साहेब म्हणाले, "फौज मुर्गियों का इंतज़ार नहीं करती." आणि कॉर्डनचा, म्हणजे चारी बाजूंनी घेरायचा, हुकूम दिला. अर्धी प्लॅटून निघाली. साहेबांनी दोन वायरलेस सेटही काढायला लावले.

"चार्ली टू अल्फा. टार्गेट गॅरेजकडं चाललंय. ओव्हर."

"अल्फा टू चार्ली. कोणतं टार्गेट? ओव्हर."

"तांबडं. ओव्हर."

"तांबड्या तीन हायेत, येड्या. ओव्हर."

ज्या पोरांनी गोळाबारीत तारा ओढल्या, ती पोरं ट्रकखाली पोटावर सरपटत होती आणि त्यांच्या पाठीवरून कोंबड्या उड्या मारत होत्या. एक लान्सनाईक गटारात गेला. एक कोंबडी कमांडिंग ऑफिसरच्या वांग्याच्या वाफ्यात घुसली, तिच्यामागं तिघे घुसले, आणि वांग्यांचं जे झालं ते शत्रूलाही जमलं नसतं. हाती लागली ती पिसं. कोंबड्यांविषयी मला आदर कधीच नव्हता. भित्रा, हावरट, घाणेरडा प्राणी. त्या दिवशी आमच्याविषयीही उरला नाही.

भाभी मध्ये एकदा एवढंच म्हणाल्या, "पळवू नका ओ. लई भेल्यात त्या."

ऊन उतरल्यावर साहेब चहाला गेले. मी माझ्या अधिकारात कॉर्डन उठवला. खुराडं आता कोळशाच्या पेट्यांशेजारी एका रेषेत उभं होतं आणि त्याच्या जुन्या जागी हुकमाप्रमाणे कुंड्या मांडल्या होत्या. त्याचं दार उघडलं, समोर ज्वारी टाकली आणि बाजूला झालो.

दिवस मावळायला लागला तशा त्या आल्या. कुणी गॅरेजमागून, कुणी नाल्यातून, एक लंगडत. सगळ्या ज्वारीपाशी थांबल्या. ज्वारी खाल्ली. खुराड्याकडे एकीनंही पाहिलं नाही. तिथून चालत चालत थेट खिडकीखालच्या फरशीवर गेल्या आणि गेरूनं रंगवलेल्या कुंड्यांच्या मध्ये अंग चोरून बसल्या. खुराडं नव्हतं, तरी बसल्या. आमची मोठी चूक तेव्हा लक्षात आली. त्यांचं घर म्हणजे ती जागा होती, आणि आम्ही फळ्या हलवून घर हलवलं असं समजत होतो.

रोल कॉलचं बिगुल व्हायच्या बेतात होतं. तेवढ्यात साहेब आले.

"यह क्या है?"

"फॉल-इन हैं, साहब."

"खुराडा उधर है. इनको उधर ले जाओ."

"नहीं जाएँगी, साहब. हाथ लगाया तो फिर भागेंगी. खुराडा इधर लाना पड़ेगा."

साहेबांनी पेट्यांच्या रांगेकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं. खिडकीत भाभी उभ्या होत्या, तिकडेही पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "गमले हटाओ." माझ्या ऐकण्यात त्या माणसानं दिलेला अकलेचा हुकूम हा एवढाच.

आम्ही कुंड्या हलक्या हातानं काढल्या. चौघांनी खुराडं आणलं आणि कोंबड्यांच्या डोक्यावरून अलगद खाली ठेवलं. एकही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी जनरल साहेबांची जीप लाइनीवरून धूळ उडवत निघून गेली. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. कुंड्या, चुना, खुराडं, कुणाच्याच नजरेस काही पडलं नाही. एवढ्यासाठी एका बाईचा जीव दिवसभर टांगणीला लावला होता. त्या कॅप्टनला मी निवृत्त होईपर्यंत सॅल्यूट केला, पण तो फक्त त्याच्या खांद्यावरच्या ताऱ्यांना.

करीमविषयी थोडं सांगतो. लढाईत पुढच्या चौकीचा टेलिफोन तुटला तेव्हा तो तार जोडायला निघाला. मला म्हणाला, "चहा ठेव, आलोच." थोड्या वेळानं माझ्या हातातला रिसीव्हर बोलायला लागला. पुढच्या चौकीचा आवाज स्वच्छ येत होता. करीम मात्र आला नाही.

त्या संध्याकाळी खुराडं जागेवर बसल्यावर भाभी बाहेर आल्या. फळीच्या फटीतून त्यांनी बोटानं एकेक कोंबडी मोजली आणि दार लावलं. "सगळ्या आल्या घरी," त्या मला म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्या तिथंच उभ्या राहिल्या, छावणीच्या फाटकाकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत, आणि बराच वेळ आत गेल्या नाहीत.